नेटशिवाय टॅबवर तयार होणाऱ्या नोंदींना आयडी कसा द्यावा?

काटोलरोड

राजेहो, डेटाबेसवाल्यांची मदत पाहिजे.

संत्रा खरेदीचं एक सॉफ्टवेअर नुकतंच माझ्याकडे सांभाळायला आलं आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या बागांमध्ये खरेदीवाले टॅब घेऊन जातात. तोडणी झाली की कॅरेट काट्यावर चढतात, टॅबवर पावती बनते, छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवर छापून बागवानाच्या हाती पडते. बागेत रेंज बहुतेक नसतेच. संध्याकाळी गाडी मोठ्या रस्त्याला लागली की दिवसभराच्या नोंदी नागपूरच्या सर्व्हरवर चढतात.

डेटाबेस म्हणून टॅबमध्ये एसक्यूलाइट आहे, सर्व्हरवर मायएसक्यूएल ८. दोन्हीकडे आयडी ऑटो इन्क्रिमेंट, आपोआप एकेकाने वाढणारा. म्हणजे प्रत्येक टॅबची पहिली पावती १, दुसरी २. सिंक होताना सर्व्हर पावतीला स्वतःचा नंबर देतो आणि तिच्याखालच्या कॅरेटच्या ओळींमध्ये तो नवा नंबर लिहितो. मधेच रेंज गेली तर काही ओळी बदललेल्या, काही तशाच. मागच्या अंबिया बहारात नरखेडच्या टॅबवरच्या ४१२ नंबरच्या पावतीचे कॅरेट काटोलच्या ४१२ खाली जाऊन बसले. एका बागवानाचं वजन वाढलं, दुसऱ्याचं घटलं, आणि शेवटी कागदी पावत्या समोर घेऊन हिशेब लावावा लागला. ज्याचे पैसे अडकले तो वर्षभराच्या मेहनतीचा माल देऊन बसलेला असतो, म्हणून हे मला मुळापासून नीट करायचं आहे.

त्यानंतर प्रत्येक टॅबला आकड्यांची वेगळी रेंज दिली गेली. एकाला १ लाखापासून, दुसऱ्याला २ लाखापासून. पण टॅब बिघडून रीसेट झाला की तो परत आपल्या रेंजच्या सुरुवातीपासून मोजायला लागतो.

यूयूआयडी, म्हणजे टॅबने सर्व्हरला न विचारता स्वतःच काढायचा लांब आयडी, वापरायचा विचार करून राहिलो आहे. शंका तीन. दोन टॅबांनी एकच आयडी काढला तर काय, हे मालक पुन्हा पुन्हा विचारतात. एवढा लांब आयडी प्रायमरी की, म्हणजे टेबलमधल्या ओळीची मुख्य ओळख, केला तर मायएसक्यूएल मंद पडतं का? आणि बागवान फोनवर पावती नंबर सांगतो, त्याने ३६ अक्षरं कशी वाचायची?

मिहान_ते_बर्डी

मालकांच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती खरी आहे आणि तिला आकड्यांनीच उत्तर द्यायला पाहिजे.

यूयूआयडी १२८ बिटांचा असतो. चौथ्या आवृत्तीत, म्हणजे व्ही४ मध्ये, ६ बिट आवृत्ती आणि प्रकार सांगण्यात जातात, उरलेले १२२ रँडम. एकूण शक्यता साधारण ५.३ गुणिले १० चा ३६ वा घात. पण दोन आयडी जुळण्याचा धोका त्या आकड्याइतका दूर नसतो. एका खोलीत २३ माणसं असली तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, तेच गणित इथेही लागतं. ते लावून पाहिलं तर टक्कर होण्याची शक्यता ५० टक्क्यांवर जायला सुमारे २.७ गुणिले १० चा १८ वा घात इतके व्ही४ आयडी तयार करावे लागतात.

तुमच्या कामाला लावून पाहू. सगळे टॅब मिळून १० कोटी नोंदी झाल्या असं धरा. त्यात कुठल्याही दोन जुळण्याची शक्यता १० च्या २१ व्या घातात एक, जवळपास. त्याआधी टॅबची बॅटरी, प्रिंटर, सर्व्हरची डिस्क, सगळं कितीतरी वेळा बदलून झालेलं असेल.

तरीही टेबलवर युनिक बंधन, म्हणजे तोच आयडी दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम, ठेवाच. गणित बरोबर असतं, पण आयडी काढणारा कोड बरोबर असेलच असं नाही.

सुरभी_धरमपेठ

वरच्या शेवटच्या वाक्यावर जरा थांबते, कारण प्रत्यक्षात आयडी जुळल्याचं कुठे ऐकलं तर कारण नेहमी तिथेच सापडतं. १२२ बिट "रँडम" म्हणायचे, पण ते येतात कुठून?

२००६ मध्ये डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे गुप्त संदेशांच्या किल्ल्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एक बदल झाला. मेमरी तपासणाऱ्या अवजाराची तक्रार बंद करण्यासाठी कोडच्या ओळी काढल्या गेल्या. त्यामुळे किल्ल्या तयार करताना बदलणारी गोष्ट जवळजवळ एकच उरली, प्रोसेसचा क्रमांक. तो तेव्हा ३२,७६८ च्या आतच असायचा. मे २००८ मध्ये लुसियानो बेल्लो यांच्या हे लक्षात येईपर्यंत त्या सगळ्या किल्ल्या मोजक्या हजारांतल्याच होत्या. बाहेरून पाहिलं तर किल्ली लांबलचक आणि एकदम रँडम दिसायची. डोळ्याला रँडम दिसणं हा पुरावाच नाही, हे यावरून कळतं.

तुमच्या टॅबवर दोन गोष्टी तपासा. अ‍ॅप जावा किंवा कोटलिनमध्ये असेल तर यूयूआयडी.रँडमयूयूआयडी वापरा. ते आतून सुरक्षित रँडम आकडे देणारं सिक्युअररँडम घेतं, काळजी नाही. वेबव्ह्यूमधलं, म्हणजे आत वेबपान चालवणारं, अ‍ॅप असेल तर कोडमध्ये मॅथ.रँडम हे जावास्क्रिप्टचं साधं फंक्शन शोधा. नेटवर मॅथ.रँडमने अक्षरं भरत यूयूआयडी बनवणारा एक छोटा तुकडा वर्षानुवर्षं फिरतो आहे, आणि लोक तो जसाच्या तसा उचलतात. क्रोमच्या व्ही८ नावाच्या जावास्क्रिप्ट इंजिनातलं मॅथ.रँडम २०१५ पर्यंत तर फारच कमजोर होतं. नंतर सुधारलं, पण आजही ते अशा कामासाठी नाही. त्याऐवजी क्रिप्टो.रँडमयूयूआयडी घ्या. ते फक्त सुरक्षित पानावर, म्हणजे एचटीटीपीएसवर, चालतं. तिथे अडलं तर क्रिप्टो.गेटरँडमव्हॅल्यूज सगळीकडे मिळतं, त्यातून १६ बाइट घेऊन आवृत्तीचे बिट स्वतः बसवा.

दुसरी गोष्ट अशी की नवे टॅब तयार करताना बरेच जण एका टॅबची प्रत काढून बाकीच्यांवर टाकतात. त्या प्रतीत अ‍ॅपने आधीच काढून ठेवलेला "डिव्हाइस आयडी" असला तर सगळे टॅब स्वतःला एकच समजतात. प्रत काढण्याआधी अ‍ॅपचा डेटा पुसलेला असावा.

काटोलरोड

सुरभीताई, वेबव्ह्यूच आहे, आणि काही ठिकाणी मॅथ.रँडम दिसतं आहे. हे आजच बदलतो. खूप आभार.

इतवारी_डीबीए

भाऊ, दुसऱ्या शंकेचं मी सांगतो. लांबेल, पण मायएसक्यूएलवाल्यांना हे माहीत असलंच पाहिजे.

इनोडीबीमध्ये, म्हणजे मायएसक्यूएलच्या डेटा साठवणाऱ्या भागात, टेबल प्रायमरी कीच्या क्रमानेच डिस्कवर मांडलेलं असतं. १६ केबीची पानं असतात आणि ओळी त्यात कीप्रमाणे लागतात. ऑटो इन्क्रिमेंटमध्ये नवी ओळ कायम शेवटच्या पानावर जाते. ते पान मेमरीत असतंच, लिहिणं झटपट होतं. व्ही४ मध्ये नवी ओळ कुठेही जाऊ शकते. पान मेमरीत नसेल तर डिस्कवरून आणा, भरलेलं असेल तर फोडून दोन करा. टेबल मेमरीत मावतं तोवर काहीच जाणवत नाही. ज्या दिवशी ते बफर पूलपेक्षा, म्हणजे त्यासाठी राखलेल्या मेमरीपेक्षा, मोठं होतं त्या दिवसापासून इन्सर्ट रेंगाळायला लागतात, आणि पानं अर्धवट भरलेली राहिल्यामुळे जागाही जास्त जाते.

त्यात भर म्हणजे इनोडीबीच्या प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये, म्हणजे दुसऱ्या रकान्यांवरून शोधायच्या सूचीत, प्रायमरी कीची प्रत असते. बिगइंट, म्हणजे मोठा पूर्णांक, ८ बाइटचा. यूयूआयडी बायनरी १६ मध्ये ठेवला तर १६ बाइट. पण बहुतेक ठिकाणी मला तो कॅर ३६ मध्ये, म्हणजे ३६ अक्षरांच्या मजकुरात, डॅशसकट दिसतो. पाच इंडेक्स असले तर ती ३६ अक्षरं प्रत्येक ओळीमागे सहा वेळा लिहिली जातात. म्हणून यूयूआयडी अक्षरांत ठेवू नका, बाइटमध्येच ठेवा.

क्रमाच्या अडचणीवर उपाय म्हणजे व्ही७. मे २०२४ मध्ये आरएफसी ९५६२ हा यूयूआयडीचा नवा मानक दस्तऐवज आला, २००५ चा ४१२२ मागे पडला, आणि व्ही६, व्ही७, व्ही८ अधिकृत झाले. व्ही७ चे पहिले ४८ बिट म्हणजे १९७० पासूनची मिलिसेकंदातली वेळ, नंतर आवृत्ती आणि प्रकाराचे बिट सोडले तर ७४ बिट रँडम. वेळ पुढे असल्यामुळे नव्या ओळी शेवटाकडेच जातात. टक्कर व्हायची तर आधी दोन टॅबांवर तीच मिलिसेकंद यायला पाहिजे आणि वर ७४ बिटही तेच. मी असतो तर डोळे झाकून व्ही७ घेतला असता.

एक खड्डा मात्र लक्षात ठेवा. मायएसक्यूएलचं स्वतःचं यूयूआयडी फंक्शन व्ही१ देतं. त्यात वेळेचे तुकडे उलटसुलट बसलेले असतात, म्हणून यूयूआयडी_टू_बिन फंक्शनला दुसरा पॅरामीटर १ दिला की ते तुकडे सरळ लावून देतं. हा १ लोक सवयीने सगळीकडे देतात. व्ही७ ला तो दिलात तर रँडम भाग पुढे येतो, वेळ मागे जाते, आणि ज्यासाठी व्ही७ घेतला तेच बिघडतं. तिथे ० ठेवा.

वर्धारोड

आम्ही पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर आहोत. तिथे टेबल कीच्या क्रमाने मांडलेलं नसतं, म्हणून त्रास जरा कमी. पण इंडेक्स तर क्रमातच असतो, त्यामुळे व्ही४ चा फटका इंडेक्सला आणि डब्ल्यूएएलला, म्हणजे बदलांच्या नोंदवहीला, बसतोच. यूयूआयडीचा स्वतःचा १६ बाइटचा प्रकार आहे, व्ही४ आवृत्ती १३ पासून एक्स्टेन्शनशिवाय मिळतो, आणि १८ मध्ये यूयूआयडीव्ही७ फंक्शनही आलं आहे. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी मात्र जपून. तिथे युनिकआयडेंटिफायरचा, म्हणजे त्यांच्या यूयूआयडी प्रकाराचा, क्रम लावताना शेवटचे ६ बाइट आधी पाहिले जातात, त्यामुळे व्ही७ चा पुढचा वेळेचा भाग क्रमासाठी उपयोगी पडत नाही.

प्रताप_नगर

एवढं सगळं करण्यापेक्षा स्नोफ्लेक पद्धतीचा आयडी का नको? ६४ बिट, बिगइंटमध्ये मावतो, ट्विटरने २०१० पासून वापरला आहे. ४१ बिट वेळ, १० बिट मशीन नंबर, १२ बिट अनुक्रम. एका मशीनवर एका मिलिसेकंदात ४,०९६ आयडी. जागा अर्धी.

मिहान_ते_बर्डी

प्रतापदादा, सर्व्हर फार्मसाठी तो उत्तमच आहे. पण तो १० बिटांचा मशीन नंबर टॅबला देणार कोण, आणि टॅब रीसेट झाल्यावर तोच नंबर दुसऱ्याकडे गेला नाही हे पाहणार कोण? काटोलरोड भाऊंची रेंजवाली अडचण आहे तशीच परत येते. शिवाय अ‍ॅप जावास्क्रिप्टमध्ये आहे. तिथला साधा अंक ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ पर्यंतच अचूक राहतो. त्यापुढचा ६४ बिटांचा आयडी अंक म्हणून वाचला की शेवटचे आकडे गुपचूप बदलतात, एररही येत नाही. ट्विटरलाही आपल्या एपीआयमध्ये आयडी मजकूर म्हणून वेगळा द्यावा लागला होता.

प्रताप_नगर

मशीन नंबरचा मुद्दा पटला. माझ्याकडे सर्व्हर मोजके आहेत, म्हणून तो त्रास कधी दिसला नाही.

सुरभी_धरमपेठ

व्ही७ ला माझाही पाठिंबा, पण टॅबच्या घड्याळाबद्दल सांगायला हवं. बॅटरी पूर्ण उतरून टॅब सुरू झाला आणि नेट नसलं की तारीख कधी कधी भलतीच दाखवतो. अशा टॅबवरच्या व्ही७ मध्ये ती भलतीच तारीख जाते. आयडी वेगळाच राहतो, काही बिघडत नाही. बिघडतं तेव्हा, जेव्हा कोणी आयडीमधून वेळ काढून त्यावर भाव लावतो. संत्र्याचा भाव रोज हलतो. पावतीची वेळ वेगळ्या रकान्यात, सर्व्हरला नोंद कधी मिळाली ती वेळ आणखी एका रकान्यात, आणि दोन्हींत मोठा फरक दिसला तर माणसाने पाहायचं. आयडीमधल्या वेळेचा उपयोग डिस्कवरच्या क्रमापुरताच धरा.

आणि आयडीमध्ये काय काय उघडं पडतं याचाही विचार करा. व्ही१ मध्ये वेळेबरोबर नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ताही, म्हणजे त्या यंत्राची ओळख, असतो. १९९९ मध्ये मेलिसा व्हायरस पसरला, तेव्हा वर्डच्या फाइलमध्ये राहिलेल्या अशाच आयडीचा माग काढला गेला होता. (व्ही१ ची वेळ मोजायची सुरुवात १५ ऑक्टोबर १५८२ पासून होते, ग्रेगोरियन कॅलेंडर लागू झालं त्या दिवसापासून. मला ही गोष्ट फार आवडते.)

कळमना_गेट

मी प्रोग्रामर नाही, अडतीच्या हिशेबाचं काम पाहतो. पावती नंबरबद्दल दोन शब्द.

ओळीने नंबर दिले की समोरच्याला आपला धंदा कळतो. सकाळी एक पावती घेतली, संध्याकाळी दुसरी घेतली, वजाबाकी केली की दिवसभरात किती सौदे झाले ते समजलं. बाजारात लोक हे करतात.

फोनचं सांगायचं तर शेतकरी नंबर जोडीने सांगतो. इंजिनचा आवाज, वारा, त्यात "एकोणसाठ" म्हणाला की "एकोणसत्तर" हे इकडे कळत नाही. आमच्याकडे अशाने दुसऱ्याचीच पावती उघडते. नंबर छोटा पाहिजे आणि चुकीचा सांगितला तर मशीनने लगेच "असा नंबर नाही" म्हणायला पाहिजे.

मिहान_ते_बर्डी

दादा, पहिल्या मुद्द्याला इतिहासातच दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी जप्त केलेल्या जर्मन रणगाड्यांवरच्या अनुक्रमांकांवरून उत्पादन काढलं. ऑगस्ट १९४२ चा त्यांचा अंदाज ३२७ होता, हेरखात्याचा १,५५०. युद्धानंतर जर्मन नोंदी मिळाल्या, त्यात ३४२ निघाले.

इतवारी_डीबीए

कळमना_गेट दादांनी नेमकं बोट ठेवलं. या धाग्यात आपण एकाच आयडीकडून सगळी कामं करून घ्यायला निघालो आहोत. ती वेगळी करा.

ओळीची ओळख म्हणजे व्ही७. तो टॅबवरच जन्मतो, सर्व्हर त्याला हात लावत नाही, माणसाला कधी दाखवायचा नाही. कॅरेटच्या ओळी पहिल्या क्षणापासून त्याच आयडीला बांधलेल्या असतात, म्हणजे सिंकमध्ये नंबर बदलण्याचा प्रकारच संपला.

माणसाचा नंबर वेगळा. सात-आठ आकड्यांचा पावती क्रमांक, फक्त अंक, शेवटी तपास अंक, म्हणजे आधीच्या आकड्यांवरून काढलेला, चूक पकडणारा आकडा. तपास अंकासाठी व्हरहूफची पद्धत घ्या. डच गणितज्ञ याकोबस व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडली. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटले तर ती हमखास पकडते. आधारच्या १२ आकड्यांतला शेवटचा आकडा याच पद्धतीचा असतो. ५९ च्या जागी ६९ ही एका आकड्याची चूक, म्हणजे ती लगेच सापडेल. टॅबने नंबर ओळीने न देता सर्व्हरकडून आधीच मिळालेल्या मिसळलेल्या यादीतून द्यावा. एकदा वाटलेला नंबर सर्व्हरने परत वाटायचा नाही, टॅब हरवला तरी नाही. रीसेट झालेल्या टॅबने सर्व्हरकडून नवी यादी घेतल्याशिवाय पावती काढूच नये.

आणि बागवानाला एसएमएसने पावतीची लिंक पाठवत असाल तर त्यात तिसरंच काहीतरी घाला.

सुरभी_धरमपेठ

लिंकबद्दल पूर्ण सहमत. यूयूआयडी अंदाजाने काढता येणार नाही असं गृहीत धरू नका, हे खुद्द आरएफसीमध्येच लिहिलेलं आहे. लिंकसाठी वेगळे १२८ रँडम बिट, त्याला मुदत, आणि डेटाबेसमध्ये त्याचा फक्त हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ बिट परत काढता येत नाहीत असा ठसा. पावती उघडताना ती पाहायचा अधिकार त्या माणसाला आहे का, हे सर्व्हरने तपासायचंच. आयडी लांब आहे म्हणून ती तपासणी गाळता येत नाही.

काटोलरोड

आता डोक्यात चित्र स्पष्ट झालं. सिंकचं एक विचारतो. रेंज मधेच जाते तेव्हा टॅबला कळत नाही की नोंद पोचली की नाही. तो परत पाठवतो. आज अशा दुहेरी पावत्या हाताने काढाव्या लागतात.

इतवारी_डीबीए

व्ही७ चा सगळ्यात मोठा फायदा मला इथेच वाटतो. तीच नोंद कितीही वेळा आली तरी आयडी तोच, त्यामुळे सर्व्हर म्हणतो "ही आहे माझ्याकडे" आणि पोच देतो. टॅबने पोच मिळेपर्यंत बिनधास्त पाठवत राहावं. पावती आणि तिचे सगळे कॅरेट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, सगळं लिहिलं जाईल नाहीतर काहीच नाही अशा पद्धतीने, घ्या, म्हणजे अर्धवट काही राहणार नाही.

यासाठी मायएसक्यूएलचा इन्सर्ट इग्नोर हा आदेश वापरू नका. ते दुहेरी नोंदीबरोबर दुसऱ्या चुकाही गिळतं. नोंद आधीच असेल तर आलेला मजकूर जुन्याशी ताडून पाहा. सारखा असेल तर पोच द्या. वजन वेगळं निघालं तर तिथेच थांबवा आणि माणसाच्या नजरेस आणा.

वर्धारोड

याला जोडून एक. आयडी मजकूर म्हणून पाठवताना इंग्रजी लहान अक्षरांतच पाठवा. काही सिस्टिम मोठ्या अक्षरांत देतात, आयओएसवर स्विफ्टमध्ये तसंच मिळतं. एसक्यूलाइट मजकूर ताडताना लहान-मोठं अक्षर वेगळं मानतं, मायएसक्यूएल नेहमीच्या सेटिंगमध्ये एकच मानतं. मग तोच आयडी टॅबवर दोन आणि सर्व्हरवर एक होतो. शोधायला फार वेळ जातो. एसक्यूलाइटमध्येही १६ बाइटचा ब्लॉब, म्हणजे मजकुराऐवजी नुसते बाइट, ठेवलात तर प्रश्नच नाही.

काटोलरोड

बरं. आमच्यातल्या एकाने सुचवलं आहे की वेगळा पावती क्रमांक कशाला, यूयूआयडीची पहिली आठ अक्षरंच छापू.

मिहान_ते_बर्डी

करू नका. व्ही७ ची पहिली आठ अक्षरं म्हणजे वेळेच्या ४८ बिटांतले वरचे ३२. खाली १६ बिट उरतात, म्हणजे ६५,५३६ मिलिसेकंद. तेवढ्या काळात, साधारण ६५ सेकंदांत, कुठल्याही टॅबवर निघालेल्या सगळ्या पावत्यांची पहिली आठ अक्षरं एकच येतील. सकाळच्या घाईत रोज टक्कर. व्ही४ ची आठ अक्षरं घेतली तरी ३२ बिटच, तिथे सुमारे ७७ हजार पावत्यांतच जुळण्याची शक्यता निम्म्यावर जाते.

शिवाय त्यात ए ते एफ अक्षरं असतात, आणि एक्सेलमध्ये नेलं की आकड्यांच्या मधे एकटाच ई आलेला नंबर घातांक समजून बदलला जातो. कळमना_गेट दादांना सोपा पडेल असा अंकांचाच क्रमांक ठेवा. सुरुवातीला शून्य येऊ देऊ नका, एक्सेल तेही खातं.

कळमना_गेट

आणि पावतीवर तो दोन-दोन आकड्यांच्या जोडीने मोकळी जागा सोडून मोठ्या टायपात छापा. शेतकरी जोडीनेच वाचतो. ब्लूटूथ प्रिंटरची छपाई उन्हात उडते, बारीक अक्षर महिन्यात दिसेनासं होतं.